पद्मिनीत नवं इंजिन बसवायचं आहे? आधी ब्रेक, हाउसिंग आणि आरसी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९७८ ची पेट्रोल प्रीमिअर पद्मिनी साताऱ्याला घरी उभी आहे. बॉडी बरी आहे, पण इंजिन धूर टाकतं आणि खंबाटकी चढताना गरम होतं. कुणीतरी सुचवलं की मारुती जिप्सीचं किंवा ईकोचं इंजिन टाका, एसी लावा, गाडी नव्यासारखी पळेल. कोणतं इंजिन घ्यावं, बाकी काय बदलावं लागेल आणि कागदपत्रांचं काय, हे तुम्ही विचारलं आहे.

मी पुण्यात जुन्या गाड्यांचं काम करतो आणि पद्मिनी हा त्या कामाचा मोठा भाग राहिलेला आहे. तुम्ही कागदपत्रांचा प्रश्न शेवटी विचारला आहे. मी त्याचं उत्तर आधी देतो, कारण ते वाचून बाकीचा विचार बदलण्याची शक्यता आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, निर्मात्याने ठरवलेला जो तपशील आरसीवर आहे, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इंजिन खराब झालं म्हणून त्याच मेकचं (कंपनीचं), त्याच प्रकारचं दुसरं इंजिन आरटीओची आधी परवानगी घेऊन बसवणं आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घेणं, हा रस्ता आहे. पण पद्मिनीत मारुतीचं इंजिन हा वेगळा मेक, वेगळी क्षमता, वेगळी इंधनप्रणाली. 'नंतर आरसीवर चढवून देतो' असं सांगणारा एजंट तुम्हाला भेटेल. त्याच्या शब्दावर गाडीचा सांगाडा कापू नका. आरटीओला लेखी अर्ज करा, लेखी उत्तर घ्या, मग पुढचं बोलू. विम्याचंही तसंच आहे. आरसीवरचा इंजिन नंबर आणि बोनेटखालचा नंबर जुळला नाही, तर अपघाताच्या दाव्याच्या वेळी कंपनीचा सर्व्हेअर पहिली नोंद त्याचीच करेल. समोरच्या माणसाला इजा झाली असेल तर हे प्रकरण किती लांब जाऊ शकतं, याचा विचार करा.

दुसरी गोष्ट तुमच्या गाडीच्या वयाची. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी त्यात बसते. अशा गाडीला व्हीए मालिकेची पाटी मिळते, नोंदणी शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. तुमची १९७८ ची गाडी २०२८ मध्ये या वयात येते. आज दुसरं इंजिन टाकलंत तर तेव्हा हा दरवाजा बंद असेल. मात्र व्हीए पाटीची गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्याचपुरती ती रस्त्यावर आणता येते. तुम्हाला गाडीने सातारा-पुणे फिरायचं आहे, तेव्हा कदाचित साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून ठेवणं तुमच्या सोयीचं. पण निवडीचा हक्क हातात असताना तो घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

आता यंत्राकडे येऊ.

दुसऱ्याचं इंजिन आपल्या बॉडीत, ही गोष्ट आपल्याकडच्या कारखान्यांनीच केलेली आहे, त्यामुळे तुमची कल्पना मुळात चुकीची नाही. प्रीमिअरने १९८५ मध्ये आणलेली ११८ एनई म्हणजे फियाट १२४ च्या बॉडीत निस्सानचं ए१२ इंजिन. हिंदुस्तान मोटर्सने अॅम्बेसेडरमध्ये इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससह बसवलं आणि तीच अॅम्बेसेडर पुढे वर्षानुवर्षं विकली गेली. खुद्द पद्मिनीतही शेवटच्या काळात इटालियन एफएनएमचं डिझेल इंजिन आलं, ती १३७ डी. पण कारखान्याने इंजिन बदललं की फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते आधार), रेडिएटर, गिअरबॉक्स, शाफ्ट या सगळ्यांचं ड्रॉइंग नव्याने होतं आणि गाडीची चाचणी होते. गॅरेजमध्ये हे सगळं आपल्यालाच करावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ते अर्धवट राहतं.

तुमच्या गाडीत काय आहे ते बघा. १०८९ सीसीचं, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचं, पुशरॉडचं इंजिन, ताकद साधारण ४० अश्वशक्ती. चार गिअर, तेही स्टीअरिंगवर. मागची चाकं ओढणारी गाडी, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. वजन ९०० किलोच्या आसपास. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जीपसारखी वेगळी चेसिस-फ्रेम नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे इंजिन बसावं म्हणून पुढचा क्रॉस मेंबर (खालची आडवी तुळई) किंवा फ्लोअर कापला की तुम्ही गाडीची हाडंच कापत असता. आमच्याकडे अशी एक पद्मिनी आली होती, दुसरीकडे जिप्सीचं इंजिन बसवलेली. चालवताना ती डावीकडे ओढायची. मालकाला वाटलं अलाइनमेंट बिघडली. लिफ्टवर घेतली तेव्हा दिसलं की चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला, जागा व्हावी म्हणून क्रॉस मेंबर खालून कापून पट्टी वेल्ड केली होती आणि त्या वेल्डच्या शेजारी तडा जाऊन तो पुढच्या सस्पेन्शनच्या बोल्टपर्यंत पोचला होता. इंजिन मात्र सुरेख चालत होतं. ती गाडी दुरुस्त करायला लागलेला वेळ इंजिन बसवायला लागलेल्या वेळेपेक्षा जास्त होता.

म्हणून कोणतं इंजिन घ्यायचं, हे मी त्याच्या अश्वशक्तीवरून ठरवत नाही. त्याच्यासोबत येणारा गिअरबॉक्स कुठे बसेल आणि पद्मिनीचं मागचं हाउसिंग, म्हणजे शाफ्टचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या क्राउन-पिनियन गिअरची पेटी, किती सोसेल, यावरून ठरवतो.

झेन, एस्टीम, स्विफ्ट यांची इंजिनं आडवी बसतात आणि पुढची चाकं फिरवतात, त्यांचा गिअरबॉक्स तुम्हाला निरुपयोगी. गाडीच्या लांबीत बसणारं इंजिन आणि मागे शाफ्ट जाणारा गिअरबॉक्स असलेले मारुतीतले उमेदवार म्हणजे जिप्सी आणि व्हॅन. ईकोचं १२०० सीसीचं इंजिन चांगलं आहे, २०२२ पर्यंतचं ७३ अश्वशक्तीचं, पण ते व्हॅनमध्ये सीटखाली तिरकं पडलेलं असतं. सरळ उभं करायचं तर चेंबर आणि तेल ओढणारी नळी बदलावी लागते. तिरकंच ठेवायचं तर पद्मिनीच्या अरुंद बोनेटखाली एका बाजूला स्टीअरिंग बॉक्स आडवा येतो. मी ते सुचवणार नाही. जिप्सीचं १२९८ सीसीचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनचं) इंजिन सरळ उभं असतं. तिचा ट्रान्सफर केस (चारही चाकांना जोर वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळा, मधे छोटा शाफ्ट, म्हणून पाच गिअरचा बॉक्स एकटा काढून टू-व्हील ड्राइव्हला वापरता येतो. 'जिप्सी टाका' असं जे सांगतात त्यांचं कारण हेच, आणि ते कारण बरोबर आहे.

पण आकडे बघा. ८० अश्वशक्ती, म्हणजे मूळच्या दुप्पट. टॉर्क १०३ न्यूटन-मीटर, तोही ४५०० आरपीएमला. तुमचं जुनं इंजिन कमी फेऱ्यांवर ओढणारं आहे, जिप्सीचं फिरवावं लागतं. घाटात दुसऱ्या गिअरवर संथ चढायची सवय असलेल्या माणसाला पहिल्या दिवशी ते कमकुवत वाटेल. मग तो जोरात फिरवायला लागेल, आणि तो सगळा जोर ४० अश्वशक्तीसाठी बनवलेल्या क्राउन-पिनियनवर आणि अॅक्सलवर येईल. चालवणारा संयमी असेल तर हाउसिंग टिकतं. गाडी घरातल्या तरुण मुलाच्या हातात गेली की क्राउन आवाज करायला लागतो.

हाउसिंगचा रेशो, म्हणजे क्राउनच्या एका वेढ्याला शाफ्टचे किती वेढे, तुम्ही घरीच मोजू शकता. मागचं एक चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर टेकलेलं, पुढच्या चाकांना उटी, गाडी न्यूट्रलमध्ये. उचललेल्या चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. चाक बरोबर दोन वेढे फिरवा आणि शाफ्टचे वेढे मोजा. एक चाक स्थिर असल्याने दोन वेढ्यांत क्राउन एकदाच फिरतो, म्हणून शाफ्टचे जितके वेढे तितका रेशो. समजा तो ४.३ आला आणि टायरचा घेर १.९ मीटर आहे. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला ७०० वेळा फिरतं आणि टॉप गिअरला इंजिन ३००० आरपीएमवर असतं. १०० ला तेच पावणेचार हजारांच्या आसपास जातं. महामार्गावर पद्मिनी ओरडते ती यामुळे. पाचवा गिअर ०.८ चा मिळाला तर १०० च्या वेगाला आरपीएम पुन्हा ३००० वर येतात. म्हणजे तुम्हाला आरामात फिरण्यासाठी जे हवं आहे, त्यातलं बरंचसं इंजिनात नसून पाचव्या गिअरमध्ये आहे.

आता ज्या वेगाने जाता येईल त्या वेगावरून थांबताही आलं पाहिजे. ताशी ८० वरून १०० वर गेलात की गाडीतली गतिज ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते. ती सगळी उष्णता होऊन ड्रममध्ये जायची असते. खंबाटकी उतरताना ड्रम तापले की लायनिंग घसरतं आणि पेडल घट्ट लागूनही गाडी थांबत नाही. मी इंजिन बदलाचं काम घेतो तेव्हा ब्रेकचं काम आधी पूर्ण करतो, मगच जुनं इंजिन उतरवतो: पुढे डिस्क, दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, बूस्टर, चारही चाकांपर्यंत नवीन पाइप आणि होज. ग्राहक म्हणाला की ब्रेक पुढच्या महिन्यात करू, तर मी काम घेत नाही. डिस्कसाठी स्टब अॅक्सलवर जे ब्रॅकेट लागतं, ते जाड प्लेटमधून मशीनवर काढून घ्या, गॅस कटरने कापलेलं चालवून घेऊ नका. स्टीअरिंग बॉक्समधला खेळ, किंग पिन किंवा बॉल जॉइंटची झीज, मागच्या पाट्यांचे बुश हेही त्याच वेळी.

बसवण्याच्या कामात सर्वांत जास्त वेळ मोजमापात जायला हवा. रिकामा ब्लॉक आणि रिकामं गिअरबॉक्सचं कव्हर चेनब्लॉकवर टांगून बोनेटखाली उतरवायचं, मोजायचं आणि पुन्हा वर घ्यायचं. चेंबर आणि क्रॉस मेंबर यांत बोटभर तरी जागा. टाय रॉड पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघायचा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टीअरिंग कॉलमपासून दूर. फाउंडेशन मूळच्या बोल्टच्या भोकांवरच, जोड-ब्रॅकेट देऊन, म्हणजे सांगाडा न कापता. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि हाउसिंगचा पिनियन एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत. मधल्या शाफ्टचा कोन शक्यतो तीन अंशांच्या आत, दोन्ही टोकांना सारखा. हे चुकलं तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते, शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (सांधे) वारंवार जातात आणि मेकॅनिक टायर बॅलन्स करत बसतो. शाफ्ट कापून जोडला की तो बॅलन्स करून घ्यायलाच हवा.

गिअर स्टीअरिंगवरून खाली आला की टनेल (फ्लोअरचा मधला उंचवटा) कापावा लागतो आणि पुढची सलग सीट जाते. तुमच्या वडिलांच्या गाडीत पुढे तिघं बसत असतील. ती बैठक तुम्हाला किती प्रिय आहे, ते आधीच ठरवा. कापलेला पत्रा परत मूळचा होत नाही.

एमपीएफआय म्हटलं की पेट्रोलची लाइनही बदलते. कार्ब्युरेटरला पंपाचा हलका दाब पुरतो, इंजेक्शनला साधारण तीन बार लागतात. जुन्या टाकीतला गंज फिल्टर आणि इंजेक्टर बुजवतो, म्हणून टाकी आतून साफ करून, आत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून पडदा घालून, परतीची लाइन टाकून घ्यावी लागते. रबरी होज इंजेक्शनच्या दाबाचाच हवा. तो फाटला तर गरम मॅनिफोल्डवर पेट्रोलचा फवारा उडतो. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर, शक्य तर चावीसकट, एकाच गाडीतून घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या भागांच्या बाजारातून इंजिन एकाचं आणि वायरिंग दुसऱ्याचं आणलं की दोष शोधण्यात महिने जातात. आणि इंजिनाचं बिल पक्कं घ्या, नंबरासकट. बिल नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं असू शकतं. बॉडी आणि इंजिन यांच्यात जाड अर्थ-पट्टी टाका. जुन्या गाड्यांतल्या विजेच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

एसीबद्दल एवढंच सांगतो. ४० अश्वशक्तीतून कॉम्प्रेसरचा भार जाणवतोच, तरी छोटा कॉम्प्रेसर, मोठा अल्टरनेटर, चांगला रेडिएटर आणि रिलेवर चालणारा इलेक्ट्रिक पंखा लावून तो सपाट रस्त्यावर चालवता येतो. घाटात बंद ठेवायचा.

एवढं वाचून तुम्हाला कळलं असेल की माझा कल कुठे आहे. तुमच्या जागी मी असतो तर मूळचं इंजिन पूर्ण उघडून बांधलं असतं. धूर आणि गरम होणं हे दोन्ही दोष या इंजिनाच्या जातीचे नाहीत, झिजेचे आहेत. बोअर मारून (सिलिंडर आतून कापून थोडे मोठे करून) ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक घासून नवीन बेअरिंग, हेडचं प्लेनिंग, व्हॉल्व्ह आणि गाइड, टायमिंग चेन, ऑइल पंप. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा उघडून साफ करायच्या. तिथे दशकांचा गाळ बसलेला असतो आणि खंबाटकीत गाडी गरम होण्याचं ते मोठं कारण असतं, रेडिएटर कितीही वेळा धुतला तरी. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घाला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याला जुनी रबरं टिकत नाहीत, म्हणून होज, पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग त्याला सोसणारी लावा. वर सांगितलेलं ब्रेकचं काम इथेही कराच. अशी बांधलेली पद्मिनी ७०-८० ला दिवसभर चालते आणि खंबाटकी काटा मधे ठेवून चढते.

सुट्या भागांची काळजी खरी आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाले होते तोवर पिस्टनपासून दाराच्या कडीपर्यंत सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचं, ते आता राहिलेलं नाही. पण जुना माल अजून निघतो. इंजिन उघडण्याआधी पिस्टन-रिंग, बेअरिंग आणि गॅस्केटचा सेट हातात घ्या, साइज नंतर जुळवू असं म्हणू नका. एक अख्खं जुनं १०८९ चं इंजिन बिलासकट मिळालं तर घेऊन ठेवा. ते त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, म्हणून आरटीओतही त्याची वाट सोपी.

हे सगळं करूनही मन मानत नसेल, तर माझी दुसरी पसंती ११८ एनईचं निस्सान ए१२, तिच्याच फ्लोअर-गिअर बॉक्ससह. ११७१ सीसी, साधारण ५२ अश्वशक्ती, क्रँकला पाच मेन बेअरिंग, कार्ब्युरेटर, कसलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही. हाउसिंगला सोसतं, बोनेटखाली नीट बसतं, मुंबई-पुण्याच्या जुन्या मेकॅनिकांच्या हाताला ओळखीचं. नावापुरती तीही प्रीमिअरच, पण प्रकार वेगळा, म्हणून मंजुरी आपोआप मिळेल असं समजू नका. इथेही लेखी उत्तर आधी. जिप्सीचं इंजिन मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो, आणि तेही ब्रेक, हाउसिंग आणि कागद तिन्ही जागेवर असतील तरच. कायद्याने उघडपणे मान्य केलेला एक बदल म्हणजे मान्यताप्राप्त किट बसवून इंधनाचा प्रकार बदलणं, मग तो सीएनजी असो वा बॅटरी. किटला एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता आणि आरटीओची नोंद लागते. त्याचा विचार करायचा असेल तर तुमच्या मॉडेलसाठी मान्य किट आहे का, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

या रविवारी एक काम करा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा आणि लिहून ठेवा. मग प्रत्येकात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. ऑइल घातल्यावर आकडा चढला तर रिंग आणि बोअर गेलेत, चढला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचेच आकडे पडलेले असतील तर हेड गॅस्केट मधे फुटलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि तसं असेल तर गरम होण्याचं कारण तिथेच सापडेल. सोबत रेडिएटरचं झाकण थंड गाडीवर उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते बघा, आणि खालून फ्लोअर व क्रॉस मेंबरचे फोटो काढा, गंज लागलेल्या जागी स्क्रूड्रायव्हरने ठोकून. हे आठ आकडे, हाउसिंगचा रेशो आणि फोटो मला पाठवा. त्यावरून ब्लॉक बोअर मारण्याच्या लायकीचा आहे की दुसरा शोधावा लागेल, ते सांगता येईल.